ओके दाबणारा माणूस

१

विक्रमला नाही म्हणता येत नाही, हे निम्म्या बेळगावला माहीत होतं आणि उरलेल्या निम्म्याला त्याची बायको दिपाली सांगत होती. टिळकवाडीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान. नव्या मशीनवाले त्याच्याकडे फिरकत नसत. त्याची गिऱ्हाइकं म्हणजे कुठल्याशा दवाखान्यातलं एक्स-रेचं जुनं मशीन, नाहीतर निपाणीच्या तंबाखूच्या गोदामातला वजनाचा पीसी. त्यांचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी कधीच बुडालेली असायची आणि नवीन सिस्टिमवर ते चालत नसायचं. बाकीचे दुरुस्तीवाले ‘हे टाकून द्या, नवीन घ्या’ म्हणून मोकळे व्हायचे. विक्रम मात्र खुर्ची ओढून बसायचा.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला नागेंद्रचा फोन आला, तेव्हा तो मुलीच्या वेणीची रिबीन शोधत होता. आरोही चौथीत होती. कॅम्पातल्या तिच्या शाळेत दुपारी चार वाजता गाण्याचा कार्यक्रम होता आणि ती एकटी गाणार होती. गेल्या वर्षी ती गायली तेव्हा विक्रम निपाणीला अडकला होता. पोरीनं तेव्हा आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला होता.

“विक्या, वडगावात एका मागावरचं मशीन हाय बघ,” नागेंद्र म्हणाला. “त्यातली लायब्ररी फाइल सारखी क्रॅश हुतीया. मी दमलो गड्या. तू जरा येऊन बघ.”

विक्रमला हे काम शिकवलं ते नागेंद्रनंच. दोघं एकाच वयाचे, त्रेचाळीसचे. एका दुकानात सहा वर्षं शेजारी शेजारी बसलेले.

“चारला मला शाळेत जायाचं हाय,” विक्रम म्हणाला.

“दहा मिनटाचं काम हाय,” नागेंद्र म्हणाला.

दिपालीनं स्वयंपाकघरातून नुसतं बघितलं. “येतो गं तीनपर्यंत,” विक्रम तिला म्हणाला आणि आरोहीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “देवाशप्पथ.”

२

वडगावात घराघरात माग. गल्लीत शिरलं की माणसं आपोआप मोठ्यानं बोलू लागतात. तिथली पोरं खडखडाटात झोपतात आणि माग थांबला की दचकून उठतात.

रुक्माबाईंचं घर गल्लीच्या टोकाला होतं. सोप्यात एकच माग, त्यावर डोक्याच्या उंचीवर जकार्ड, म्हणजे साडीवरची नक्षी उठवणारं यंत्र. नक्षीची एकेक ओळ त्याला कॉम्प्युटरकडून जायची. ओळ आली नाही की माग आपला आपण थांबायचा. सत्तरीच्या रुक्माबाई दाराशी बसून चरख्यावर कांड्या भरत होत्या. एक हात चरख्याच्या दांड्यावर, दुसरा सूत धरून वर उचललेला.

“आलासा? बसा दादा,” त्या ओरडून म्हणाल्या आणि खांदा चोळू लागल्या. “ह्यो हात लई दुखतोय बगा. डागदर म्हंतोय काय न्हाय. आन् मला तर वाटतंय रातंदिस उचलूनच धरलाय.”

आतल्या खोलीतून एक म्हातारा बाहेर आला. केस पांढरे, पाठीत वाकलेला, पुढचे दोन दात नाहीत. विक्रम त्याला वाट देऊन बाजूला झाला, तर म्हातारा त्याच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “विक्या.”

आठ महिन्यांपूर्वी एका लग्नात दोघं भेटले होते. तेव्हा नागेंद्रच्या मिशीत एकही पांढरा केस नव्हता.

“अरं काय झालं तुला? आजारी हुतास काय?”

“बस तू,” नागेंद्र म्हणाला. “बसून बघ मशीन.”

३

खोली म्हणजे बोळकंडंच. एक टेबल, एक खुर्ची, सोप्याकडे बघणारी एक गजांची खिडकी. भिंतीवर खुर्चीच्या पाठीच्या उंचीवर तेलकट डाग पडलेला. कॉम्प्युटर पंचवीस वर्षांपूर्वीचा आणि त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिमही त्याच वयाची. तिच्यासाठी कंपनीनं काही पाठवणं सोडून जमाना झाला होता. हे सगळं विक्रमच्या ओळखीचं होतं. त्याला बरंच वाटलं.

दोनच गोष्टी खटकल्या. एक म्हणजे एन्टरची कळ. कीबोर्डवरच्या बाकी कळांवर अक्षरं शाबूत होती, पण एन्टर झिजून मधोमध खोलगट झाली होती, बोट बसेल इतकी. दुसरी म्हणजे कोपऱ्यातली तारीख. ती एकोणीस वर्षं पुढची होती.

“सेल गेलाय,” विक्रम म्हणाला, पण ते जुळेना. आतला छोटा सेल संपला की कॉम्प्युटरची तारीख मागे जाते, पार कारखान्यातल्या दिवसापर्यंत. पुढं कधी जात नाही. कुणीतरी हातानं बदलली असणार, असं त्यानं स्वतःला समजावलं.

नागेंद्रनंच शिकवलेला एक नेम होता. बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. त्यामुळे विक्रम खुर्चीत बसला आणि वाट बघू लागला. नागेंद्र मागं, दारात उभा होता. विक्रमनं पाण्याची बाटली काढली आणि झाकण फिरवायला घेतलं.

आणि त्याचं बोट एन्टरवर होतं.

मध्ये काही घडलंच नाही. झाकण फिरवत होता तो, आणि आता बाटली टेबलावर होती, त्याचं उजवं बोट त्या खोलगट कळेवर होतं आणि त्याच्या हातावर नागेंद्रचा हात दाबून ठेवलेला होता. पडद्यावरची एक चौकट नुकतीच मिटत होती. ‘लायब्ररी फाइल बंद पडली आहे’ एवढं वाचता आलं, खाली ‘ओके’. सोप्यात माग खडखडत होता.

“तू हितं कवा आलास?” विक्रमनं विचारलं. नागेंद्र तर दारात होता.

नागेंद्रनं हात काढून घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. “च्या पिऊन येतो,” तो म्हणाला. “राग धरू नगंस, विक्या.”

चप्पल न घालताच तो गेला.

४

विक्रमला वाटलं, माणूस कामानं पिचलाय. तो कामाला लागला. बिघाड साधा दिसत होता. नक्षीची ओळ जकार्डकडे पाठवणारी एक लायब्ररी फाइल कुणीतरी कधीतरी चुकीच्या सिस्टिममधून आणून बसवली होती. बरोबर फाइल त्याच्या पेन ड्राइव्हवर होती. त्यानं ती बदलायला घेतली आणि उत्तर आलं: फाइल वापरात आहे.

“असू दे, बघतो तुला,” तो म्हणाला, आणि तेवढ्यात चौकट आली.

आधी त्याला फक्त शांतता जाणवली. माग थांबला होता. पण शांतता जास्तच होती. शेजारच्या घरांतले मागही ऐकू येत नव्हते. खिडकीतून त्याला रुक्माबाई दिसल्या. चरखा थांबलेला, एक हात दांड्यावर, दुसरा हात सूत धरून वर.

“आक्का, लाइट गेली काय?”

तो उठून सोप्यात गेला. रुक्माबाईंच्या तोंडापासून वीतभर अंतरावर एक माशी हवेत होती. पंख पसरलेले. ती खाली पडत नव्हती. विक्रमनं आधी विचार केला तो स्वतःचाच. अर्धांगाचा झटका येताना असले भास होतात, असं त्यानं कुठंसं वाचलं होतं. त्यानं दोन्ही हात वर केले, जीभ बाहेर काढून बघितली, स्वतःचं नाव आणि दुकानाचा पत्ता मोठ्यानं म्हणून बघितला. सगळं ठीक होतं.

तो दाराबाहेर आला. गल्लीच्या वळणावर एक बाई स्कूटीवर कलली होती, एक पाय जमिनीवर टेकायला निघालेला, टेकलेला नव्हता. एक कुत्रं कान खाजवत मागच्या पायावर तोल सावरून होतं. ऊन होतं, आणि त्या उन्हात काहीच हलत नव्हतं.

तो पळत आत आला आणि एन्टर दाबली.

खडखडाट सुरू झाला. माशी उडून गेली. “काय म्हनालासा?” रुक्माबाई म्हणाल्या आणि खांदा चोळू लागल्या.

“काय न्हाय,” विक्रम म्हणाला. त्यानं खिशातून फोन काढला.

नागेंद्रचा फोन बंद होता.

५

भीतीनं माणूस हातपाय गाळतो, नाहीतर कामाला जुंपून घेतो. विक्रम दुसऱ्या जातीचा. दुपारपर्यंत दर चौकटीला एन्टर दाबत तो मशीन तपासत राहिला; मग तीनच्या सुमाराला चौकट आली तेव्हा त्यानं ओके दाबलंच नाही. सगळं थांबलेलंच राहू दिलं आणि निवांत कॉम्प्युटर उघडला. मेमरी काढून पुसली, डिस्कच्या तारा बदलल्या, लायब्ररी सुरक्षित मोडमधून बदलली, परत जुनी बसवली. त्याच्या अंदाजानं पाच-सहा तास गेले असतील. ना भूक लागली, ना उन्हाची तिरीप खिडकीतून सरकली. काही उपयोग झाला नाही; मशीन चालू केलं की पुन्हा तीच चौकट. शेवटी त्यानं एन्टर दाबली, तेव्हा बाहेर रुक्माबाई “आई गं!” म्हणून कळवळल्या आणि चरखा सोडून भिंतीला टेकून बसल्या. “आज तर हात निखळून पडतोय बगा,” त्या म्हणाल्या. विक्रमच्या डोक्यात तेव्हा फक्त लायब्ररी होती.

मग त्याला पडद्यावर एक साधी मजकुराची फाइल दिसली. नाव होतं ‘काय काय केलं’. प्रत्येक दुरुस्तीवाला अशी यादी ठेवतो. नागेंद्रनंही ठेवली होती.

‘१. लायब्ररी बदलली. नाही.

२. सिस्टिम नव्यानं टाकली. नाही.

३. दुसरा कॉम्प्युटर आणून लावला. तोही तसाच वागतो. बंद ठेवला तरी.

४. शेवटचं ओके ज्याच्या बोटानं दाबलं, तो सोडून सगळं थांबतं.

५. गाड्या चालू होत नाहीत. चालत लोंढ्यापर्यंत गेलो. तिथंही थांबलेलं. फलाटावर एका चहावाल्याचा चहा कपात पडता पडता राहिलाय. चालत परत आलो.

६. इथं वेळ भरपूर मिळतो. नीट विचार करून दुरुस्त करता येईल.’

पुढं पानंच्या पानं होती. लायब्ररीतली एकेक ओळ उकलून लिहिलेली. मधेच ‘दात पडला’. मधेच ‘पूर्वी दिवसातून दोनदा व्हायचं, आता वीस मिनिटांना’. आणि अगदी खाली:

‘२११. विक्रमला फोन लावतो. तो नाही म्हणत नाही.’

विक्रमनं ते तीनदा वाचलं. राग आला, मग रडू आलं. मग त्यानं घड्याळ बघितलं. तीन वाजून पंचवीस मिनिटं.

६

एका ओकेपासून दुसऱ्यापर्यंत कधी वीस, कधी चोवीस मिनिटं मिळत होती. साडेतीनला एकदा झालं, तीन त्रेपन्नला पुन्हा. त्यानं एन्टर दाबली, आणि रुक्माबाईंना काही न सांगता स्कूटर काढली. वडगावातून कॅम्पात जायला दुपारच्या गर्दीत अठरा मिनिटं लागतात. तो इतका बेभान गेला की चौकातला पोलीस शिट्टी फुंकत मागं धावला.

शाळेच्या सभागृहाच्या दारात तो पोचला तेव्हा आरोही रंगमंचावर आली होती. निळा परकर, दोन वेण्या, एक रिबीन सुटायला आलेली. तिनं गायला सुरुवात केली. पहिली ओळ. दुसरी ओळ. तिची नजर खुर्च्यांवरून फिरत दाराशी आली, त्याच्यावर थांबली, आणि तिचे डोळे मोठे झाले.

आवाज तुटला.

पंखे थांबले. दोनशे माणसं खुर्च्यांत थांबली. समोरच्या रांगेत दिपाली होती, शेजारची खुर्ची पर्स ठेवून त्याच्यासाठी धरलेली. आरोहीचं तोंड उघडं होतं, तिसऱ्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर.

विक्रम हळूहळू पुढं गेला. त्यानं पर्स उचलली आणि खुर्चीत बसला. आयुष्यात पहिल्यांदाच तो पोरीचं गाणं बघायला वेळेवर आला होता. खिशातला फोन वाजणार नव्हता. कुणी ‘जरा येऊन बघा’ म्हणणार नव्हतं. थोडं बसू, असं तो स्वतःशी म्हणाला. आपला बाप दारात दिसला म्हणून तिच्या तोंडावर जो आनंद आला होता, तो तसाच होता, आणि तो बघून त्याचं मन भरेना.

तो किती वेळ बसला, ते सांगता येणार नाही. मान पडून झोपही लागली. उठला, पुन्हा बघत बसला, पुन्हा झोपला. एकदा रंगमंचावर चढून त्यानं तिची रिबीन बांधली. तिचा गाल गार नव्हता, कोमटच होता. डोळ्यांच्या कडेला ओल होती. ती आधी होती का, हे त्याला आठवेना.

मग तो चालत निघाला. स्कूटर चालू होत नव्हती. पोलीस शिट्टी तोंडात धरून चौकात उभा होता. सबंध शहर ओलांडून त्यानं वडगावची गल्ली गाठली, आणि खोलगट कळेवर बोट ठेवलं.

७

पंधरा मिनिटांनी दिपालीचा फोन आला.

“अहो, तुम्ही आलता काय? आरोही म्हनत्या, पप्पा दारात दिसले. मी वळून बघितलं तर कुणीच न्हाई.”

“आलतो,” विक्रम म्हणाला. “लगेच परत यायला लागलं. कसं गायली?”

“चांगली गायली की. पन तिसऱ्या ओळीला रडायलाच लागली एकदम. बाई म्हणाल्या, घाबरली असंल. आता पोरगी खाली बसलीया, उठायलाच तयार न्हाई. थांबा, देते.”

फोनवर पोरीचा श्वास ऐकू आला.

“पप्पा, पाय लई दुखायल्यात.”

“का गं?”

“उभारून उभारून.”

“चार मिनिटांचं तर गाणं,” मागून दिपाली म्हणाली. “एवढ्यात कसले पाय दुखतात?”

विक्रमनं खिडकीतून बघितलं. रुक्माबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, दुखरा हात मांडीवर ठेवून. दीडेक तासापूर्वी त्यानं निवांत कॉम्प्युटर उघडला होता. एकोणीस वर्षं नागेंद्र निवांत बसला होता. लोंढ्याच्या फलाटावरचा तो चहावाला. शाळेतल्या त्या खुर्चीत आपण दोनदा झोपलो, हे त्याला आठवलं, आणि ते कुणालाही, कधीही सांगता येणार नाही, हेही कळलं.

त्यानं फोनमधली नावं वर सरकवली. निपाणीचा श्रीपाल होता. जुन्या सिस्टिममधला दर्दी, बोलावलं की येणारा. त्याची मुलगी दिव्या आरोहीहून एक वर्षानं लहान. विक्रमनं ते नाव पुसून टाकलं. मग यादीच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली: ‘२१२. थांबलेल्यांना कळतं. वेळ लावू नका.’

“पप्पा?” आरोही अजून फोनवर होती. “माझी रिबीन तू बांधलीस?”

विक्रमनं बोट एन्टरवर ठेवलं.

“पप्पा, तू घरी कधी ये—”

माग थांबला. चौकट आली. विक्रमचं बोट कळेवरच होतं.

“—णार?” ती म्हणाली.

मध्ये एक श्वाससुद्धा गेला नव्हता. “येतो बाळा,” विक्रम म्हणाला, आणि डोळे चौकटीच्या जागेवर ठेवून त्यानं खुर्ची आणखी पुढं ओढून घेतली.